आधी रिकामी तागडी

वेचणी सुरू झाली की मला कॅलेंडर लागत न्हाई, बोटांच्या टोकांवरून कळतं. कापसाच्या झाडाला हात लावून कितीतरी वर्षं झाली. आता मी नवीन जालन्यात मुलाच्या घरी बसून आयता चहा पिते, पण दिवाळीच्या आगंमागं हवा कोरडी पडली की नखांच्या कडेला अजून चुरचुरतं. बोंड पांढरं दिसतं, मऊ दिसतं, फोटो काढणाऱ्यांना लई आवडतं. त्याच्या बुडाचं वाळलेलं टरफल सुईसारखं असतं, हे वेचणारीलाच माहीत. आमच्या खिडकीतून मोठा रस्ता दिसतो. मंठ्याकडून कापसाचे ट्रॅक्टर येतात, ताडपत्रीतून सुटलेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना अडकतो आणि चार दिवसांत सगळ्या बाभळी म्हाताऱ्या होतात. माझ्यासारख्या.

या वर्षी बाभळी म्हाताऱ्या व्हायला आणि टीव्हीवर ते सुरू व्हायला एकच गाठ पडली. दिल्लीत म्हणे नवा कायदा येऊन राह्यला. लोकांचे पैसे गोळा करून कुठंकुठं गुंतवणारे जे फंड असतात, त्यांना लगाम घालायचा. एक जण उभा राहून बोलतो, दुसरा बसल्या जागेवरून ओरडतो, तिसरा कानाला ते यंत्र लावून पेंगतो. मी आवाज बंद करायला उठले, तर माझी नात पल्लवी म्हणाली, "आजी, राहू दे ना. महत्त्वाचं आहे. लहान गुंतवणूकदारांच्या हिताचं आहे."

हिताचं! हा शब्द कानावर आला की मी आधी आपली पिशवी जवळ ओढते.

कारण ही चर्चा माझी एकदा ऐकून झालेली आहे. ऐकून काय, मी ती स्वतः वाचून दाखवलेली आहे, भर गावात, खड्या आवाजात. केली असेल दिल्लीतल्या माणसांनी दिल्लीत. पण आमच्या गावात ती माझ्या तोंडातून आली, आणि त्याची कडू चव अजून गेली न्हाई.

सत्तरचं दशक तेव्हा उतरणीला लागलं होतं. जालना जिल्हा अजून झालाही नव्हता. आमचं गाव मंठ्याजवळ, म्हणजे परभणीच्या मुलखात. दव वाळलं की आम्ही बाया रानात शिरायचो. कमरेला फडक्याची ओटी बांधायची, दोन तासांत ती पोटुशीसारखी फुगायची, मग बांधावर जाऊन रिकामी करायची. मजुरी वजनावर. दिवस बुडायच्या आधी दगडू मुकादम लिंबाच्या फांदीला तागडी टांगायचा. आणि इथं आमची एक रीत होती, ती सांगते, कारण तिच्यावाचून पुढचं काहीच कळायचं न्हाई.

तागडी टांगली की पहिल्यांदा कुणीच आपलं गाठोडं ठेवायची न्हाई. सगळ्या बाया गोल उभ्या राहायच्या आणि ओरडायच्या, "आधी रिकामी तागडी दाव!" मुकादमानं हात बाजूला घ्यायचे. दोन्ही पारडी मोकळी लोंबायची, डुलायची, थांबायची. बरोबर थांबली तरच माप सुरू. रोज. पाऊस असो, घाई असो, मालक स्वतः उभा असो. एकदा मापाचं पारडं जरा खाली गेलं. माझी मैत्रीण गिरजा पुढं झाली, पारड्याच्या बुडाखाली हात घातला आणि चिखलाचा ह्यो एवढा वाळका गोळा काढून सगळ्यांना दाखवला. म्हणाली, "मुकादम, तुमच्या पारड्याला दिवस गेलेत जनू. कितवा म्हैना म्हनायचा?"

बाया हसून हसून खाली बसल्या. मुकादम म्हणाला, "चिकटला आसंल गं बाई, मला काय ठावं."

"तुमाला ठावं न्हाई म्हनूनच आमी बघतो," गिरजा म्हणाली.

अशी ती गिरजा. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, मराठ्याची, घरचं रान थोडं म्हणून लोकांच्या रानात येणारी. मी बौद्धवाड्यातली. रानात बाभळीखाली आम्ही सगळ्या एका गोलात जेवायचो, भाजी इकडून तिकडं जायची. न्हाई, खोटं कशाला बोलू. भाजी तिकडून इकडं यायची, इकडून तिकडं जायची न्हाई. फक्त गिरजा माझ्या फडक्यातला ठेचा हात घालून घ्यायची आणि बाकीच्यांकडं बघत चाटायची.

मी शाळेत गेले न्हाई. छप्पन साली आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली, त्यानंतर पोरांना शिकवायला संध्याकाळचे एक जण यायचे. पोरं शिकायची, पोरी भाकरी करायच्या. मी भाकरी थापता थापता ऐकायची आणि चुलीपुढच्या राखेत अक्षर गिरवायची. उरलेलं पुडीच्या कागदांनी शिकवलं. हळदीच्या पुडीला अर्धा खून, मिरचीच्या पुडीला अर्धी निवडणूक. शेवट कधीच हाती यायचा न्हाई. अर्धवट वाचून विश्वास ठेवायची सवय मला तिथंच लागली असावी.

पुढं गावातल्या रज्जाकभाईच्या हॉटेलात पेपर यायला लागला. जालन्याहून एसटीनं, एक दिवस उशिरा. तो शिळा झाला की रज्जाकभाई मला द्यायचा. "ले जा आपा. खबर बासी है, रोटी लपेटने को अच्छी है." मी भाकरी त्यात बांधायची, आणि दुपारी भाकरी सोडली की तेलाच्या डागांमधून बायांना बातम्या वाचून दाखवायची.

बायांना सगळ्यात काय आवडायचं, सांगू? खून न्हाई, बाजारभाव न्हाई. दिल्लीची सभा. कारण त्या बातम्यांत मधे मधे कंसात लिहिलेलं असायचं, हंशा. टाळ्या. गदारोळ. मी वाचायची, "कंसात हंशा", की सगळ्या जणी तोंडावर पदर घेऊन हसायच्या. "कंसात टाळ्या", की कापसाचा चिकटा लागलेल्या हातांनी टाळ्या पडायच्या. "गदारोळ" आला की मग विचारू नका, पाखरं उडायची. कोण का हसला, कशाला टाळ्या पडल्या, आम्हाला काय घेणं! आम्हाला वाटायचं, ती शहाणी माणसं हसली म्हणजे हसण्यासारखंच काहीतरी असणार. आज वाटतं, आमच्या बाभळीखाली जास्त खरी सभा भरायची. आमच्यात निदान पेंगत तरी कुणी न्हाई, आणि खाल्ल्या भाकरीला आम्ही काम करायचो.

त्या वर्षीच्या वेचणीत फंड आला. कुण्या देवीच्या नावानं होता. नाव घेत न्हाई, देवीचा काय दोष. दर महिन्याला पाच रुपये भरायचे. महिन्याच्या एका बाजाराच्या दिवशी मंठ्यात चिठ्ठी निघणार. चिठ्ठी लागली की शिलाई मशीन न्हाईतर घड्याळ, आणि पुढचे पैसे माफ. न लागली तर मुदत सरल्यावर सगळी रक्कम वर थोडी भर घालून परत. चिठ्ठी निघायची, बक्षीस लागायचं, पण लागलेला माणूस कायम दुसऱ्या गावचा. आमचं गाव विचारायचं, कुणाला लागलं? कळायचं, भोकरदनकडं कुणाला तरी. भोकरदनकडचे लोक म्हणत असतील, मंठ्याकडं कुणाला तरी.

फंडाचा माणूस कोण? गावचा जावई. हीच तर मेख होती. मुकादमाला पारड्याखाली हात घालून विचारणाऱ्या आमच्या बाया, पण जावयाला कोण विचारणार? एका घरचा जावई तो अख्ख्या गावाचा जावई. तो आला की घोंगडी अंथरायची, गुळाचा न्हाई, साखरेचा चहा करायचा. टेरिलीनचा शर्ट, खिशाला दोन पेन, बोलणं मऊ. "जावईबापू, पावती कुठाय?" असं म्हणायचं म्हणजे त्याच्या सासऱ्याच्या पगडीला हात घालायचा. पाच रुपये त्याच्या हातात द्यायचे आणि वर त्यालाच कुंकू लावायचं. असल्या रीतींच्या जिवावर किती लबाड पोसले गेले असतील, देव जाणे. आणि आम्ही रीत पाळली म्हणून ताठ मानेनं फिरायचो.

गिरजाला मशीन हवं होतं. हौस म्हणून न्हाई. तिची कंबर गेली होती. वाकली की तिला सरळ व्हायला झाडाला धरावं लागायचं. वैद्यानं सांगितलं होतं, वाकायचं काम सोड. आता कापूस काय उभ्या उभ्या हातात येतो? पण तिच्या हाताला शिवण होती. गावातल्या अर्ध्या चोळ्या ती सुईदोऱ्यानं शिवायची. मशीन आलं की रान सुटणार होतं. चिठ्ठीतून येवो न्हाईतर शेवटी मिळणाऱ्या पैशातून येवो. तिनं घरात खिडकीजवळची जागा रिकामी केली, कणगी हलवली, सारवलं. आणि मशीन यायच्या आधीच त्याची गवसणी शिवून ठेवली. चोळ्यांच्या उरलेल्या तुकड्यांची, लाल-हिरवी, कडेला पांढरी झालर. मला दाखवली तेव्हा मी म्हणाले, "आगं, मशीन केवढं आसतं ते तरी बघितलं का?"

"मंठ्यात शिंप्याच्या दुकानात जाऊन वितीनं मापलं. त्यो म्हनला, घेतीस का? म्हनलं, घेनार तर हायेच, पन आधी अंगडं शिवते, मंग लेकरू."

मग वर्षभरानं बाजारात आवई उठली की असले फंड सरकार बंद करणार. गिरजा शहाणी, तिनं ठरवलं, आपले दिलेले परत मागायचे. जावयाला मागायचं म्हणून आठवडाभर धीर गोळा केला. मला म्हणाली, "शांते, तू संग चल. तुला वाचता येतं, तुझ्यापुढं त्याला उलटं बोलता यायचं न्हाई."

गेलो. जावईबापू पारावर बसले होते, भोवती पाच-पंचवीस माणसं, बायाही होत्या. गिरजानं पदर सावरून, खाली बघत, पण स्पष्ट सांगितलं, "जावईबापू, रागावू नका, पन माझे पैसे मला माघारी पायजेत."

तो रागावला न्हाई. हसला. मांडीखालून पेपर काढला. "मावशी, मी कशाला सांगू? आपल्या फंडांवर दिल्लीत बोलून राह्यले. मोठमोठे लोक. कायदा होऊन राह्यला. ज्याच्यावर कायदा होतो ती गोष्ट पक्की का कच्ची, तुम्हीच सांगा. आणि माझ्या तोंडानं नको. शांताबाई, तुम्ही वाचा. या, वर बसा."

वर बसा. त्या पारावर आमच्या वस्तीतला माणूस कधी बसला नव्हता, बाईची तर गोष्टच सोडा. आणि "तुम्ही". गावात मला "तुम्ही" म्हणणारा तो पहिला माणूस. लबाडाला बराबर कळतं, कुणाचं कुलूप कुठल्या किल्लीनं उघडतं. मी वर चढले. दगड गार होता, अजून आठवतो. समोर सगळी तोंडं वर करून बघत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याकडं वरून बघत होते.

मी वाचलं. काय सुरेख वाचलं! विधेयक, तरतूद, प्रवर समिती, विनियमन, कुठंही जीभ अडखळली न्हाई. आज मी ते सगळं एका दमात सांगू शकते, की असे फंड बंद व्हावेत, लहान माणसाच्या बचतीचं हित जपावं, आणि फंडवाल्यांना आवरतं घ्यायला मुदत मिळावी. पण तिथं ते असं छापलेलं नव्हतं. तिथलं एकेक वाक्य म्हणजे मालगाडी. डबे मोजता मोजता इंजिन कुठल्या बाजूला आहे तेच विसरावं. मला त्यातलं निम्मंसुद्धा समजलं न्हाई. थांबून तीन शब्द बोलायचे होते, "मला कळलं न्हाई." पण पारावर बसलेली बाई असं कसं म्हणेल? मी पुढं वाचत राहिले. मधे कुणी एक सभासद म्हणाला होता, की फुकटचं भांडं मिळतंय म्हटलं की गरिबाला घरातलं भांडं विकायचंही सुचतं. अशाच काहीतरी अर्थाचं. पुढं कंसात हंशा. मी म्हणाले, "कंसात हंशा." आणि बाया सवयीनं हसल्या. गिरजासुद्धा. आपल्यावरच केलेल्या विनोदाला आम्ही पदर तोंडावर घेऊन हसलो, आणि मी वरून हसवलं.

पान संपलं, कंसात टाळ्या होत्या, टाळ्या पडल्या. जावईबापूंनीही वाजवल्या.

गिरजानं माझ्याकडं बघितलं. "शांते, तुला काय वाटतं? ऱ्हाऊ देऊ?"

मी म्हणाले, "दिल्लीत बोलून राह्यले म्हणजे बराबरच असंल."

तिनं पदराच्या गाठीतून त्या महिन्याचे पाच रुपये काढले आणि त्याच्या हातात ठेवले.

संक्रांत झाली आणि मंठ्यातल्या फंडाच्या खोलीला कुलूप लागलं. दुकानावरची माडी होती. आम्ही बाया जिन्यात उभ्या राहिलो, खालचा दुकानदार म्हणाला, "बाजूला व्हा, गिऱ्हाईक येऊन राह्यलं." बस. एवढाच त्याचा शेवट. पुडीचा कागद फाटावा तसा.

कायदा झाला म्हणे. चांगला होता, असं मला पुढं शिकल्यासवरल्यांनी समजावलं. असेल. औषध चांगलंच असेल, पण आमच्या गावात ते पोचलं तेव्हा रोगी जिन्यात उभा होता. आणि ती मुदत! बिबट्या गोठ्यात शिरलाय हे दिसतंय, आणि तुम्ही दारात उभे राहून त्याला म्हणता, बाबा, सावकाश आवर, आम्ही थांबतो. एवढी डोकी एका छताखाली बसली, त्यातल्या एकालाही सुचलं न्हाई की त्या गोठ्यातल्या शेळीला कुणीतरी निरोप धाडावा. तिच्या बोलीत धाडावा. आमच्या दगडू मुकादमाला कुणी कधी सन्माननीय म्हटलं न्हाई, पण तो निदान रोज हात बाजूला घेऊन पारडी दाखवायचा. चिखल लावून का होईना, दाखवायचा. त्या मोठ्या सभेत दिवसभर गदारोळ झाला असेल, पण आधी रिकामी तागडी दाखवा, असं कुणी म्हटलेलं मला तरी त्या पानात सापडलं न्हाई.

जावईबापू पुढच्या दिवाळीला सासुरवाडीला आले. नवा शर्ट. घोंगडी अंथरली गेली, चहा झाला, साखरेचाच. कुणी काही बोललं न्हाई. गावाची थोरवी ती! गिरजा एकटी रस्त्यात आडवी गेली. मी मागं होते. ती म्हणाली, "जावईबापू, आमचं काय?"

"मी काय करणार मावशी? सरकारनं कायदाच केला ना. तुम्हीच ऐकला होता की पारावर. शांताबाईंनी वाचून दाखवला होता."

बघा आता. फंड चालवायला तोच कायदा, फंड बुडवायला तोच कायदा. त्याच्या हातात तो छत्रीसारखा होता, ऊन आलं तरी उघड, पाऊस आला तरी उघड. आणि दोन्ही वेळा दांडा माझ्या हातात दिलेला.

मी पेपर वाचायचं सोडलं. रज्जाकभाईनं विचारलं, "क्या आपा, नाराज?" मी भाकरी फडक्यातच बांधू लागले. मला वाटलं होतं, गिरजा मला बोलेल. एकदा तरी म्हणेल की तुझ्यामुळं. मी त्याची वाट बघत होते, शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्या वेचणीला पहिल्या दिवशी ती रानात आली तेव्हा तिच्या कमरेला लाल-हिरवी ओटी होती. एक बाजू उसवून, नाडी लावून, गवसणीची ओटी केलेली. पांढरी झालर तशीच. ती वाकली, कापूस तोडला, ओटीत टाकला. सरळ व्हायला तिला झाड धरावं लागायचं, पण कापसाच्या झाडाला कोण धरणार, म्हणून मी हात दिला. तिनं धरला.

दुपारी बाभळीखाली तिनं आपली भाकरी सोडली. ती पेपरात बांधलेली होती. ती स्वतः जाऊन रज्जाकभाईकडून घेऊन आल्ती. तेलाचा डाग पडलेला कागद तिनं मांडीवर साफ केला आणि माझ्यापुढं सरकवला.

"वाच."

"नको, गिरजाबाई."

"वाच म्हनते ना. तू सोडलंस तर आमाला कोन सांगनार, त्यो जावई?" तिनं माझ्या फडक्यातला ठेचा बोटानं उचलला. "वाच. पन जिथं तुला समजलं न्हाई, तिथं थांब. आमी बी थांबतो. काय घाई हाये?"

मी वाचायला लागले. पहिल्याच ओळीत थांबले. पन्नास ठिकाणी थांबले असेन. दिल्लीची अर्धी बातमीसुद्धा झाली न्हाई, मुकादम हाका मारू लागला. कंसात हंशा आला तेव्हा मी म्हणाले, "हे का हसले, मला कळलं न्हाई." बाया हसल्या न्हाईत. सगळ्या कागदावर वाकल्या, आणि मला वाटतं, आमच्या रानात त्या दिवशी पहिल्यांदा खरी सभा भरली.

गिरजानं पुढं वीस वर्षं कापूस वेचला. मशीन काही आलं न्हाई. शेवटी शेवटी ती उभी राहिली तरी जमिनीकडंच बघायची.

इकडं आता टीव्हीवर टाळ्या वाजल्या. कायदा पुढं सरकला म्हणे. पल्लवीनं फोन काढला. तिच्या पगारातनं दर महिन्याला काहीतरी कापून अशाच एका फंडात जायचं आहे, तिच्या साहेबांच्या मेहुण्यामार्फत. सही फोनवरच करायची असते आता, बोट लावायचं. "सेफ आहे आजी. बघितलंस ना, कायदाच येतोय."

मी म्हणाले, "वाचून दाखव."

"एवढं मोठं आहे, कुणी वाचत नाही."

"मी वाचलं होतं. दाखव."

ती वाचू लागली. आवाज छान आहे तिचा, कुठंही अडखळत न्हाई. एक वाक्य झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला मी हात वर केला. "थांब. हे काय म्हणलं?"

तिनं ते पुन्हा वाचलं. मग मनात वाचलं. भुवया जवळ आल्या. खाली रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, आणि खिडकीतून कापसाचं एक बोटभर पुंजकं आत येऊन तिच्या फोनवर बसलं.

"आजी," ती म्हणाली, "मला नाही कळलं."

"मंग बोट बाजूला घे," मी म्हणाले, आणि सरकून तिच्याजवळ बसले.